पाहुणेपण संपवणारी कॉलेजे (लेखांक ७)

शिरूरला जुनी माणसे अजून घोडनदीच म्हणतात. एकोणिसाव्या शतकात या घोडनदीत अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते. त्याची पालक संस्था बोस्टनची, नाव अमेरिकन बोर्ड. हे बोर्ड गुलामगिरीविरुद्ध ठाम बोलत नाही म्हणून चिडलेल्या मंडळींनी १८४६ मध्ये अमेरिकन मिशनरी असोसिएशनमध्ये वेगळी चूल मांडली आणि यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी शाळा-कॉलेजे काढण्याचा सपाटा लावला. नॅशव्हिलचे फिस्क विद्यापीठ (१८६६) त्यातलेच. इकडे मराठी मिशनच्या ‘ज्ञानोदय’त १८५५ साली मुक्ता साळवे हिचा निबंध छापून आला. फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली ही मुलगी आपल्या लोकांना नेमका धर्म कोणता, असे विचारत होती. गेल्या आठवड्यात आपण त्या शाळांपर्यंत आलो होतो. आता पुढचा प्रश्न: कायद्याने सगळीकडची दारे उघडल्यावर अशा संस्थांचे काम संपते का? मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण मुक्ताच्या निबंधातच आहे. ज्या वर्गात आपण आगंतुक नाही, तिथेच असा प्रश्न विचारायचे धाडस होते.

अमेरिकेचा अनुभव पाहा. थर्गूड मार्शल यांच्या काळात मेरीलँड विद्यापीठाचा कायदा विभाग कृष्णवर्णीयांना घेत नव्हता. ते वॉशिंग्टनच्या हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात शिकले आणि १९३३ मध्ये वकील होऊन बाहेर पडले. १९५४ मध्ये शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा खटला त्यांनीच सर्वोच्च न्यायालयात लढवला. म्हणजे वेगळेपणाची भिंत पाडणारा माणूस वेगळ्या संस्थेतच घडला. त्या निकालानंतरही अशी विद्यापीठे बंद पडली नाहीत. आज ती शंभराच्या आसपास आहेत आणि त्यांतले सुमारे एक चतुर्थांश विद्यार्थी कृष्णवर्णीय नाहीत. फाटक सर्वांना खुले, पण ज्यांच्यासाठी घर बांधले त्यांची आठवण भिंतीवर कायम, अशी ही रचना.

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळ जाणारे उदाहरण म्हणजे डॉ. आंबेडकरांची पीपल्स एज्युकेशन सोसायटी. १९४५ मध्ये संस्था, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० मध्ये औरंगाबादेत पुढे मिलिंद नावाने गाजलेले कॉलेज. सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरत, म्हणजे नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला कचेरी गाठता येई. मराठवाड्याला विद्यापीठ मिळाले १९५८ मध्ये. मिलिंद त्याच्या आठ वर्षे आधीचे. ‘ही जातीची कॉलेजे, यांनी भिंतीच वाढवल्या,’ हा आक्षेप जुना आहे. पण मिलिंदचे प्राचार्य म. भि. चिटणीस दलित नव्हते आणि प्रवेशाला जातीची अट नव्हती. याच प्राचार्यांनी लिहिलेले ‘युगयात्रा’ नाटक तिथल्या विद्यार्थ्यांनी केले. याच आवारात गंगाधर पानतावणे शिकवू लागले आणि त्यांच्या ‘अस्मितादर्श’ त्रैमासिकाने दलित लेखकांची एक पिढी उभी केली. भिंती वाढवणारी संस्था एवढे वाचक कुठून आणणार?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आता शिरूरला कॉलेज आहे, दौंडला आहे, पुणे तासा-दोन तासांवर. राखीव जागा आहेत. मग वेगळे घर कशाला? प्रवेश मिळणे आणि सामावले जाणे यांत अंतर आहे, हे त्याचे उत्तर. आत्महत्या केलेले विद्यार्थी रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी हे दोघेही कायद्याने खुल्या असलेल्या नामवंत संस्थांत होते. २०१९ मध्ये त्यांच्या आईंना विद्यापीठांतला जातिभेद रोखण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. शिरूर तालुक्यातल्या कोरेगाव भीमाजवळच्या विजयस्तंभाला आंबेडकरांनी १ जानेवारी १९२७ रोजी भेट दिली. आजही त्या दिवशी तिथे गर्दीत पुस्तकांचे स्टॉल लागतात. शिकण्याची ही ओढ वर्षातल्या एका दिवसापुरती नाही. तिला बाकीचे दिवस मुक्कामाला जागा हवी.

तिसरा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. मिलिंदचा जुना दरारा आज राहिलेला नाही. संस्थेतले विश्वस्तपदाचे वाद कोर्टापर्यंत गेले. अमेरिकेतल्या अनेक कृष्णवर्णीय विद्यापीठांनाही पैशाची चणचण आहे. पण सरकारी कॉलेजात जागा भरल्या नाहीत तर कॉलेजच नको, असे आपण म्हणत नाही. जागा भरा म्हणतो. इथे निकष बदलायचे कारण काय? दौंडहून मनमाडची गाडी धरून पुढे औरंगाबाद गाठणे साठ-सत्तर वर्षांपूर्वीही अशक्य नव्हते. तिथे उतरल्यावर राहायचे कुठे, हा खरा पेच होता, आणि मिलिंदच्या नागसेनवन आवारातल्या वसतिगृहांनी तो सोडवला. त्या वसतिगृहांकडे, आणि भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात काढलेल्या, सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवणाऱ्या बोर्डिंगकडे, पुढच्या लेखांकात वळू.