कोणतं बदक अंडी देतंय? रात्री बोटांनी तपासा; शिंपल्यांचा चुरा मात्र वेगळ्या भांड्यात

गेल्या दिवाळीच्या आधी मी परसातलं एक बदक विकलं. सहा माद्या आणि अंडी रोज चारच, म्हणजे दोघी फुकट खातायत असा हिशेब केला आणि दिसायला रोड, पिसं विस्कटलेली होती ती देऊन टाकली. दुसऱ्या दिवसापासून अंडी तीन झाली! अंडी देणारीच विकली होती. खाडीकाठच्या बऱ्याच घरांत ही गफलत होते, म्हणून हे लिहितोय.

बदकं बहुतेक अंडी पहाटे देतात. खुराडं पाचलाच उघडलं तर अंडी तळ्यात नाहीतर शेतात जातात. साडेआठ-नऊपर्यंत कोंडून ठेवा आणि मगच अंडी मोजा.

नंतर रात्री, बदकं शांत असताना, एकेक उचला. पाय धरून उचलू नका, पाय नाजूक असतात. दोन्ही हातांनी पंखांसकट धरा. शेपटीखाली, गुदद्वाराच्या दोन बाजूंना दोन टोकदार हाडं लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं मावली, पोट मऊ लागलं आणि द्वार ओलसर, रुंद असलं तर ती अंडी देतेय. जेमतेम एक बोट मावत असेल आणि द्वार कोरडं, आवळलेलं असेल तर सध्या बंद आहे. पोट दाबून बघू नका, आत अंडं फुटलं तर बदक जातं. पाच महिन्यांच्या आतल्या मादीला ही परीक्षा लावूच नका. देणारीच्या पायात रंगीत दोरा सैल बांधून ठेवा. तरीही शंका राहिली तर द्वाराला थोडा खाण्याचा रंग लावा, सकाळी अंड्यावर डाग दिसतो.

आता कवचाचं. अंड्याचं कवच म्हणजे जवळपास सगळं कॅल्शियम कार्बोनेटच, आणि ते बनतं मुख्यतः रात्री. उरलेला भात आणि कोंडा यात कॅल्शियम फारच थोडं. मग बदक ते स्वतःच्या हाडांतून काढतं. आधी कवच पातळ होतं, मग बिनकवचाचं अंडं पडतं, पाय लुळे पडतात आणि कधी अंडं आतच अडकतं. बदक एकटं बसून कुंथत असेल, ताठ उभं राहत असेल तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. अंडं ओढून काढायला जाऊ नका.

आपल्याकडे उपाय फुकट आहे. जेवणातल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या धुवा, वाळवा आणि तांदळाच्या कणीएवढा भरड चुरा करा. संध्याकाळी वेगळ्या भांड्यात, कोरड्या जागी ठेवा. देणारी मादी गरजेपुरतं खाते. खाद्यात मिसळू नका, कारण नराला आणि पिल्लांना जास्तीचं कॅल्शियम सोसत नाही, मूत्रपिंडं खराब होतात. पानाचा चुना तर नकोच, तोंड भाजतं. विकतचं घ्यायचं तर लेयरचं खाद्य घ्या, त्यात कॅल्शियम साधारण ३ ते ३.५ टक्के असतं. ब्रॉयलरच्या खाद्यात ते खूपच कमी. पण लेयरचं खाद्यही फक्त देणाऱ्या माद्यांनाच.

एक लक्षात ठेवा, पिसं झडतात तेव्हा चांगली देणारीही काही आठवडे बंद होते आणि हाडं जवळ येतात. त्या दिवसांत गिऱ्हाईक दारात आलं तर नवी पिसं येईपर्यंत थांबायला सांगा.