जागेवर कोण बसलंय?

कुर्डुवाडीतल्या एखाद्या आजोबांना ‘बार्शी लाइट’बद्दल विचारून बघा, गोष्टी संपायच्या नाहीत. १८९७ साली सुरू झालेली ही चिमुकली गाडी. तिच्या दोन रुळांतलं अंतर होतं अडीच फूट आणि मुंबई-सोलापूर गाडीचं साडेपाच! बार्शीचा डबा मोठ्या रुळांवर चढणार कसा? मग तेव्हा कुर्डुवाडीला सगळ्यांनी उतरायचं. डोक्यावर वळकटी, कडेवर पोर, फलाट ओलांडायचा आणि मोठ्या गाडीत जागा धरायची.

तुमच्या मेंदूत आत्ता हेच चाललंय. दोन चेतापेशींमध्ये फट असते, केसाच्या जाडीचा काही हजारावा भाग एवढीशी. निरोप विजेच्या रूपात पेशीच्या टोकाला येतो आणि गाडी तिथंच थांबते. मग पेशी फटीत रसायन सोडते. ते पलीकडे जाऊन आपल्या ठरलेल्या जागेवर बसलं, की निरोप पुढे सुटतो.

पण त्या जागेवर दुसराच कुणी बसला तर?

आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं रसायन साचत जातं. ते जागेवर बसलं की जांभया सुरू. चहातलं कॅफीन दिसायला बरंचसं त्याच्यासारखं. ते आधीच जागा पटकावतं आणि गप्प बसून राहतं. अ‍ॅडिनोसिन उभंच! म्हणून तर स्टेशनवर रात्री चहा घेतला की झोप उडते.

याच युक्तीनं माणसं वाचली आहेत. लाल विंचवाचं विष चेतातंतूंची दारं लवकर मिटूच देत नाही. निरोपावर निरोप, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या रसायनाचा नुसता लोंढा! दरदरून घाम सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं. लहान मुलांना तर फार धोका, म्हणून विंचू चावला की तडक दवाखाना गाठायचा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी असे कितीतरी रुग्ण पाहिले, बारीकसारीक नोंदी ठेवल्या आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी त्यांना देऊन पाहिली. प्राझोसिन रक्तवाहिन्यांवरच्या जागा अडवून बसतं. लोंढा येतो, पण बसणार कुठे? वाहिन्या सैलावतात, हृदयावरचा भार उतरतो. आणि गार पडलेले तळहात हळूहळू ऊबदार लागायला लागतात. डॉक्टर तेच तर चाचपून बघत असतात.