नावाचा मान आणि निरीक्षणाचे मोल

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ येथे गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी लायगो-इंडिया ही प्रयोगशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. संत नामदेवांच्या नर्सीमुळे आणि नागनाथाच्या ज्योतिर्लिंगामुळे ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात त्यामुळे आकाशाविषयी कुतूहल जागे व्हावे, हे स्वाभाविकच आहे. लायगोचे काम लघुग्रह शोधण्याचे नव्हे. परंतु खगोलशास्त्राचा विषय निघाला की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो : आकाशात आपल्यापैकी कोणाचे नाव आहे काय? प्रश्न बालसुलभ असला तरी त्याचे उत्तर विचार करावयास लावणारे आहे.

१ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मो येथे पियाझी यास सीरीस सापडला. रोमन धान्यदेवतेच्या या नावाला त्याने आपल्या राजाचे, फर्डिनंडचे, नाव जोडले होते. इतर देशांनी ते मानले नाही. राजा गळाला, देवता टिकली. नामकरणाची आजची रीत तर अधिकच काटेकोर आहे. नवा लघुग्रह दिसला की प्रथम त्याला तात्पुरती खूण मिळते. त्याची कक्षा अनेक वर्षांच्या वेधांनी निश्चित झाली म्हणजे कायम क्रमांक मिळतो आणि त्यानंतरच शोधकर्त्याला नाव सुचविण्याचा अधिकार प्राप्त होतो. हा अधिकार दहा वर्षे टिकतो. नाव सोळा अक्षरचिन्हांच्या आत असावे, व्यापारी नसावे, आणि राजकीय वा लष्करी व्यक्तीचे असेल तर तिच्या मृत्यूला शंभर वर्षे उलटलेली असावीत, असे नियम आहेत. अंतिम निर्णय आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेची समिती देते. क्रमांक मिळालेले लघुग्रह सात लाखांवर गेले आहेत. नाव लाभलेले त्यांतील अगदी थोडे.

पंडित जसराज यांचे उदाहरण बोलके आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये सापडलेल्या एका लघुग्रहाला २०१९ साली त्यांचे नाव मिळाले. त्याचा क्रमांक ३००१२८. पंडितजींची जन्मतारीख २८-०१-३०. तारखेचे अंक उलट क्रमाने मांडले की क्रमांक तयार! गुणिजनांचा हा गौरव आनंदाचा खरा. पण ज्या दुर्बिणीतून हा लघुग्रह दिसला ती अमेरिकेतील होती, हेही ध्यानी घेतले पाहिजे.

या संदर्भात एका मराठी ज्योतिर्विदाचे स्मरण होते. वेंकटेश बापूजी केतकर हे व्यवसायाने शिक्षक. नेपच्यूनच्या पलीकडे आणखी दोन ग्रह असावेत, असे त्यांनी १९११ साली फ्रान्समधील खगोलशास्त्रीय संस्थेच्या पत्रिकेत मांडले आणि त्यांना ब्रह्मा व विष्णू अशी नावे दिली. ब्रह्माचा प्रदक्षिणाकाल त्यांनी सुमारे २४२ वर्षे काढला होता. १९३० साली अमेरिकेत क्लाइड टॉमबॉ यास प्लूटो सापडला. त्याचा काल सुमारे २४८ वर्षे आहे. साम्य लक्षणीय असले तरी केतकरांनी ग्रहाचे आकाशातील स्थान वर्तविले नव्हते, आणि विष्णू तर कधीच सापडला नाही. नव्या ग्रहाला ऑक्सफर्डच्या अकरा वर्षांच्या मुलीने सुचविलेले नाव मिळाले. पुढे २००६ मध्ये त्याचीही गणना १३४३४० या क्रमांकाने लघुग्रहांच्या यादीत झाली. यात केतकरांवर अन्याय झाला, असे म्हणता येणार नाही. गणिताच्या मागे दुर्बीण उभी नसेल तर दिलेले नाव कागदावरच राहते, हाच त्यातील बोध होय.

भारतातील अनुभवही तोच आहे. मद्रास वेधशाळेतून नॉर्मन पॉग्सन याने १८६१ ते १८८५ या काळात पाच लघुग्रह शोधले. त्यांची नावे एशिया, सॅफो, सिल्व्हिया, कॅमिला आणि व्हेरा. आकाश आपले, पण शोधकर्ता इंग्रज, म्हणून नावे त्याच्या पसंतीची. नंतर शतकाहून अधिक काळ लोटल्यावर, १९८८ साली, कावलूर येथील वेधशाळेत आर. राजमोहन यांना एक लघुग्रह सापडला आणि त्याचे नाव ठेवले गेले रामानुजन. इतकेच काय, आपल्या शिवाचे नावही ११७० क्रमांकाच्या लघुग्रहाला मिळाले, पण तो शोधला होता एका बेल्जियन ज्योतिर्विदाने.

आजच्या बाजारात पैसे घेऊन ताऱ्याला नाव देणारी आणि चौकटीत लावण्याजोगे प्रमाणपत्र धाडणारी दुकाने आहेत. त्या प्रमाणपत्राला खगोलशास्त्रात काडीची किंमत नाही. जवळजवळ प्रत्येक गोष्टीला दर असलेल्या या जगात लघुग्रहाचे नाव विकत मिळत नाही, ही मोठी समाधानाची बाब मानावयास हवी. उलट, अमेरिकेतील लिंकन प्रयोगशाळेने आपण शोधलेल्या लघुग्रहांना विज्ञान स्पर्धांत चमकलेल्या विद्यार्थ्यांची, आणि त्यांच्या शिक्षकांचीही, नावे देण्याचा प्रघात पाडला आहे. तेथे देणगी नव्हे, काम पाहिले जाते.

म्हणून वर्गातील त्या प्रश्नाला शिक्षकांनी नावांची यादी देऊन भागणार नाही. जिल्ह्यात मोठी प्रयोगशाळा आली म्हणजे जिल्ह्यातील मुले आपोआप शास्त्रज्ञ होतील, हा समज भाबडा आहे. शाळेत एक साधी दुर्बीण, निरीक्षणांची एक वही आणि रोज रात्री वेळेवर नोंद करण्याची सवय, एवढ्यापासून सुरुवात झाली पाहिजे. पियाझीपासून राजमोहनांपर्यंत सर्वांनी आधी आकाश पाहिले. नावाचा विचार नंतर केला. हा क्रम ज्या गावात पाळला जाईल, त्या गावाला नाव सुचविण्याची पाळीही केव्हातरी येईल.