विश्लेषण : मेसी-सुआरेझ-नेयमार ते यमाल-पेड्री-राफिन्हा… दहा वर्षांत बार्सिलोनाचा संघ नेमका कसा बदलला?

६ जून २०१५ रोजी बर्लिनमध्ये युव्हेंटसला ३-१ असे नमवून बार्सिलोनाने चॅम्पियन्स लीग जिंकली. ला लिगा आणि कोपा डेल रे ही जेतेपदे त्याआधीच संघाच्या नावावर होती. या तिहेरी यशाला २०२५ मध्ये दहा वर्षे झाली. २०२४-२५ च्या मोसमातही बार्सिलोनाने ला लिगा, कोपा डेल रे आणि स्पॅनिश सुपर कप जिंकला. मात्र, या दोन यशस्वी संघांमध्ये एक नाव वगळता काहीच सारखे नाही. हा बदल कसा झाला, कधी झाला आणि त्याची किंमत काय मोजावी लागली, हे पाहणे रंजक आहे.

२०१५ चा संघ कसा होता?

बर्लिनच्या अंतिम सामन्यात गोलरक्षक मार्क-आंद्रे टेर स्टेगन. बचावफळीत डॅनी अल्वेस, जेरार्ड पिके, हाविएर मॅस्केरानो, जॉर्डी अल्बा. मध्यरक्षक इव्हान राकिटिच, सर्जिओ बुस्केट्स, आंद्रे इनिएस्टा. आणि आघाडीला लिओनेल मेसी, लुइस सुआरेझ, नेयमार असे अकरा जण सुरुवातीला मैदानात उतरले. झावी त्या दिवशी बदली खेळाडू म्हणून आला आणि तोच त्याचा बार्सिलोनाकडून खेळाडू म्हणून अखेरचा सामना ठरला.

या संघाची ओळख म्हणजे आघाडीचे त्रिकूट. मेसी (५८), नेयमार (३९) आणि सुआरेझ (२५) यांनी त्या मोसमात सर्व स्पर्धांत मिळून १२२ गोल केले. ला लिगात संघाने ९४ गुण मिळवले, ११० गोल केले आणि अवघे २१ गोल स्वीकारले.

२०२५ च्या संघात कोण आहे?

दहा वर्षांनंतरच्या तुलनेसाठी २६ एप्रिल २०२५ चा कोपा डेल रेचा अंतिम सामना घेऊ. सेव्हिलमध्ये बार्सिलोनाने रेयाल माद्रिदला जादा वेळेत ३-२ असे हरवले. सुरुवातीचे अकरा जण असे होते : वोइचेख श्चेस्नी; ज्यूल्स कुंडे, पाव कुबार्सी, इनिगो मार्टिनेझ, जेरार्ड मार्टिन; फ्रेंकी डी यंग, पेड्री; लमिन यमाल, डॅनी ओल्मो, राफिन्हा; आणि फेरान टोरेस. मोसमातील प्रमुख आघाडीपटू रॉबर्ट लेवांडोव्हस्की दुखापतीमुळे या सामन्यात नव्हता.

या मोसमात लेवांडोव्हस्की (४२), राफिन्हा (३४) आणि यमाल (१८) यांचे मिळून ९४ गोल झाले. ला लिगात ८८ गुण आणि १०२ गोल. म्हणजे आक्रमणात फार मोठी घसरण नाही. मात्र, स्वीकारलेल्या गोलांची संख्या २१ वरून ३९ वर गेली. प्रशिक्षक हान्सी फ्लिक बचावफळीला मध्यरेषेच्या जवळ उभे करतात. त्यामुळे प्रतिस्पर्धी वारंवार ऑफसाइड सापडतात, पण अंदाज चुकला की मागे मोकळे मैदान असते. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत इंटर मिलानविरुद्ध दोन सामन्यांत मिळून ७-६ असा पराभव झाला, तो याच शैलीचा आरसा होता.

दोन्ही संघांत असलेले एकमेव नाव म्हणजे टेर स्टेगन. मात्र, सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि जवळपास संपूर्ण मोसम तो बाहेर राहिला. त्याच्या जागी निवृत्त झालेल्या श्चेस्नीला परत बोलवावे लागले.

बदल दहा वर्षांत झाला की पाच?

या तुलनेतील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. त्यासाठी मधला एक दिवस पाहावा लागतो : १४ ऑगस्ट २०२०. लिस्बनमध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत बायर्न म्युनिकने बार्सिलोनाचा ८-२ असा धुव्वा उडवला.

त्या दिवशी सुरुवातीच्या अकरा जणांत टेर स्टेगन, पिके, अल्बा, बुस्केट्स, मेसी आणि सुआरेझ होते. म्हणजे बर्लिनच्या संघातील सहा जण पाच वर्षांनंतरही तिथेच होते. याउलट लिस्बनच्या संघातील फक्त एक जण, डी यंग, २०२५ च्या कोपा अंतिम सामन्यात खेळला. पहिल्या पाच वर्षांत अर्ध्याहून अधिक संघ कायम राहिला आणि पुढच्या पाच वर्षांत जवळपास सगळा बदलला.

वयाचे आकडे हे अधिक स्पष्ट करतात. गोलरक्षक वगळून उरलेल्या दहा जणांचे पूर्ण झालेल्या वर्षांतील सरासरी वय काढले, तर २०१५ च्या बर्लिनमध्ये ते २७.८ येते, २०२० च्या लिस्बनमध्ये २९.७ आणि २०२५ च्या सेव्हिलमध्ये २४.५. लिस्बनमध्ये पिके, मेसी, सुआरेझ आणि आर्तुरो विडाल हे चौघे ३३ वर्षांचे होते, तर बुस्केट्स ३२ वर्षांचा. बायर्नच्या वेगापुढे हा संघ का कोलमडला, याचे बरेचसे उत्तर या आकड्यांत आहे.

एक योगायोगही नोंदवण्यासारखा आहे. त्या दिवशी बायर्नचे प्रशिक्षक होते फ्लिक आणि गोल करणाऱ्यांत होता लेवांडोव्हस्की. पुढे दोघेही बार्सिलोनात आले.

नेयमारच्या पैशांचे काय झाले?

२०१७ मध्ये पॅरिस सेंट-जर्मेनने नेयमारसाठी २२ कोटी २० लाख युरो मोजले. फुटबॉलमधील तो विक्रमी व्यवहार होता. जागा भरून काढण्यासाठी बार्सिलोनाने त्याच उन्हाळ्यात उस्मान डेम्बेलेला सुमारे १०.५ कोटी, जानेवारी २०१८ मध्ये फिलिपे कुटिन्होला सुमारे १२ कोटी आणि २०१९ मध्ये अँटोनी ग्रीझमनला १२ कोटी युरोंना विकत घेतले. कामगिरीनुसार द्यायच्या वाढीव रकमा सोडल्या, तरी ही बेरीज ३४.५ कोटी युरोंवर जाते. एका खेळाडूच्या जागी तीन आणि मिळालेल्या रकमेच्या दीडपटीहून अधिक खर्च.

यापैकी एकही जण संघाचा आधारस्तंभ ठरला नाही. कुटिन्होला तर बायर्नकडे उसने धाडण्यात आले आणि लिस्बनच्या त्या सामन्यात त्याने बार्सिलोनाविरुद्धच दोन गोल केले. डेम्बेलेला दुखापतींनी ग्रासले. २०२३ मध्ये तो पॅरिसला गेला आणि २०२५ मध्ये तिथे चॅम्पियन्स लीग विजेता ठरला. पॅरिसचे प्रशिक्षक आहेत लुइस एन्रिके, म्हणजेच २०१५ चा बार्सिलोना संघ घडवणारे प्रशिक्षक.

दुसरीकडे जुन्या खेळाडूंचे पगार वाढतच होते. करोनाकाळात स्टेडियम रिकामे झाले आणि सगळे गणित फसले. ऑगस्ट २०२१ मध्ये अध्यक्ष जोआन लापोर्टा यांनी क्लबवर १३५ कोटी युरोंची देणी असल्याचे आणि पगारखर्च उत्पन्नाच्या १०३ टक्के झाल्याचे सांगितले.

मेसीला का जावे लागले?

ला लिगात प्रत्येक क्लबला त्याच्या उत्पन्नाच्या प्रमाणात संघावरील खर्चाची मर्यादा आखून दिली जाते. मर्यादा ओलांडलेल्या क्लबला नव्या करारांची नोंदणी मुक्तपणे करता येत नाही. मेसीचा जुना करार जून २०२१ मध्ये संपला होता. त्यामुळे नव्या कराराला दोन्ही बाजू तयार असूनही तो नोंदवता आला नाही. ५ ऑगस्ट २०२१ रोजी क्लबने तो जात असल्याचे जाहीर केले. त्याच्या बदल्यात क्लबला ट्रान्सफरची रक्कमही मिळाली नाही.

सुआरेझ त्याच्या वर्षभर आधीच अॅटलेटिको माद्रिदकडे गेला होता आणि तिथे पहिल्याच मोसमात ला लिगा जिंकला होता. पिके नोव्हेंबर २०२२ मध्ये निवृत्त झाला. बुस्केट्स आणि अल्बा यांनी २०२३ मध्ये निरोप घेतला. २०२५ मध्ये मेसी, सुआरेझ, बुस्केट्स आणि अल्बा अमेरिकेत इंटर मियामीकडून खेळत होते आणि त्यांचा प्रशिक्षक होता मॅस्केरानो. बर्लिनच्या अकरा जणांपैकी पाच जण तेव्हा एकाच क्लबमध्ये होते, फक्त तो क्लब बार्सिलोना नव्हता.

हा ‘ला मासिया’चा विजय आहे का?

बार्सिलोनाच्या युवा अकादमीला ‘ला मासिया’ म्हणतात. संकटात अकादमीने संघाला तारले, असे सध्या सर्रास म्हटले जाते. मात्र, आकडे थोडे वेगळे सांगतात. २०१५ च्या अंतिम सामन्यात पिके, अल्बा, बुस्केट्स, इनिएस्टा आणि मेसी असे पाच जण अकादमीतले होते. २०२५ च्या सेव्हिलमधील सामन्यात कुबार्सी, यमाल आणि ओल्मो हे तिघे. क्लबच्या दुसऱ्या संघातून वर आलेल्या जेरार्ड मार्टिनला धरले तर चार. गावी, बाल्डे, फर्मिन लोपेझ, मार्क कासाडो यांच्यामुळे एकूण संघात अकादमीचा वाटा मोठा आहे हे खरे, पण २०१५ चा संघही काही कमी ‘घरचा’ नव्हता.

खरा फरक वयात आहे. बर्लिनच्या संघातील अकादमीचे सर्वांत तरुण खेळाडू बुस्केट्स आणि अल्बा होते, दोघेही २६ वर्षांचे. म्हणजे २००८ मध्ये बुस्केट्सने पदार्पण केल्यानंतर अकादमीतून थेट वर आलेला एकही मुलगा बर्लिनच्या पहिल्या अकरात नव्हता. थियागो अल्कान्टारासारखा मध्यरक्षक २०१३ मध्ये बायर्नला विकला गेला. ८-२ च्या सामन्यात तोही समोरच्या संघात होता.

ओल्मोचे उदाहरण तर बोलके आहे. २०१४ मध्ये वयाच्या १६ व्या वर्षी त्याने ‘ला मासिया’ सोडून क्रोएशियातील डायनॅमो झाग्रेबची वाट धरली. दहा वर्षांनी त्यालाच परत आणण्यासाठी बार्सिलोनाने सुमारे साडेपाच कोटी युरो मोजले. इतकेच नव्हे, तर खर्चमर्यादेच्या नियमामुळे जानेवारी २०२५ मध्ये त्याची नोंदणीच धोक्यात आली आणि स्पेनच्या सरकारी क्रीडा परिषदेने तात्पुरती परवानगी दिल्यावर तो खेळू शकला.

यमालची कथा याच्या उलट. बर्लिनचा सामना झाला तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि बार्सिलोनाच्या अकादमीत होता. २९ एप्रिल २०२३ रोजी, वयाच्या १५ वर्षे २९० व्या दिवशी त्याने पदार्पण केले. कुबार्सी १६ व्या वर्षी मुख्य संघात आला. २०१५ मध्ये या मुलांना इतक्या लवकर संधी मिळाली असती का? बहुधा नाही. तेव्हा क्लबकडे विकत घेण्यासाठी पैसे होते. २०२१ नंतर ते उरले नाहीत आणि ज्यांच्यासाठी ट्रान्सफरची रक्कम लागत नाही, अशा मुलांसाठी दार उघडले. २०२५ च्या संघात नियोजनापेक्षा नाइलाजाचा वाटा मोठा आहे तो असा.

मग बाकीचे खेळाडू कसे आले?

पूर्ण संघ अकादमीतून उभा राहत नाही. पेड्री २०२० मध्ये लास पाल्मासकडून आला, तोही सुरुवातीच्या अवघ्या ५० लाख युरोंत. हा या दशकातील सर्वांत किफायतशीर व्यवहार म्हणता येईल. इनिगो मार्टिनेझ आणि श्चेस्नी यांच्यासाठी रक्कमच द्यावी लागली नाही.

मात्र, २०२२ च्या उन्हाळ्यात लेवांडोव्हस्की, राफिन्हा आणि कुंडे यांना घेण्यासाठी क्लबने ला लिगातील आपल्या प्रसारण हक्कांच्या उत्पन्नाचा २५ टक्के हिस्सा पुढील २५ वर्षांसाठी ‘सिक्स्थ स्ट्रीट’ या गुंतवणूक कंपनीला विकला. सोप्या भाषेत सांगायचे तर पुढच्या पिढीच्या कमाईतून आजचे खेळाडू घेतले. २०२५ चे जेतेपद त्या व्यवहाराचेही फळ आहे आणि त्याचा हप्ता यमाल चाळिशीत पोहोचेपर्यंत फिटणार आहे.

पुढचा धोका कोणता?

पहिला धोका शरीराचा. किशोरवयीन खेळाडूंवर किती भार टाकावा, याचे धडे बार्सिलोनाने याच पाच वर्षांत महागात घेतले आहेत. २०२०-२१ च्या मोसमात पेड्री क्लब आणि देशासाठी मिळून ७३ सामने खेळला आणि पुढची काही वर्षे स्नायूंच्या दुखापतींशी झगडला. मेसीनंतर १० क्रमांकाची जर्सी मिळालेला आन्सू फाती गुडघ्याच्या शस्त्रक्रियांनंतर पूर्वीसारखा दिसलाच नाही. गावी २०२३ मध्ये आणि १७ वर्षांचा मार्क बर्नाल २०२४ मध्ये गुडघ्याच्या गंभीर दुखापतीमुळे दीर्घकाळ बाहेर गेला. यमालने तर १८ वर्षे पूर्ण होण्याआधीच बार्सिलोनाकडून शंभर सामने ओलांडले आहेत.

दुसरा धोका पगाराचा. आज स्वस्त असलेली मुले उद्या स्वस्त राहणार नाहीत. यमालचा करार २०२५ मध्ये २०३१ पर्यंत वाढवण्यात आला. पेड्री आणि गावी २०३० पर्यंत, तर कुबार्सी २०२९ पर्यंत करारबद्ध आहेत. २०१५ चा संघ फसला तो बर्लिनमध्ये नव्हे, तर त्यानंतर. विजेत्यांना हात कोण लावणार, या विचारात प्रत्येकाचा करार वाढत गेला आणि पर्याय शोधायचे राहून गेले.

जून २०२५ मध्ये लेवांडोव्हस्की ३६ वर्षांचा होता, श्चेस्नी ३५, इनिगो ३४. यमाल आणि कुबार्सी यांच्यामुळे संघ तरुण दिसत असला, तरी किमान तीन जागांचा विचार तेव्हाच करावा लागणार होता. २०१५ नंतर नेमके हेच काम पाच वर्षे पुढे ढकलले गेले होते.