रंकाळ्याची प्रकृती आणि आपली

कोल्हापुरात इतकी वर्षे वैद्यकीय व्यवसाय केल्यावर रुग्णांचा दिनक्रम त्यांच्या घरच्यांइतकाच मलाही ठाऊक झाला आहे. माझ्या ज्येष्ठ रुग्णांपैकी अनेकांचा दिवस रंकाळ्यावर सुरू होतो. संध्यामठ, शालिनी पॅलेस असे करीत तळ्याला पूर्ण फेरी मारली, की चार-साडेचार किलोमीटर चालणे होते. मधुमेह, रक्तदाब, आखडलेले गुडघे आणि एकटेपणा या चारही तक्रारींवर मी हीच फेरी लिहून देत आलो आहे. त्यामुळे रंकाळा माझ्या लेखी केवळ प्रेक्षणीय स्थळ नाही. तो माझ्या औषधांच्या यादीत आहे. आणि औषधच बिघडू लागले, तर डॉक्टरने गप्प बसून चालत नाही.

काही वर्षांपूर्वी, उन्हाळ्याच्या अखेरीस, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक निवृत्त शिक्षक सुनेबरोबर दवाखान्यात आले. दोन्ही पायांवर पोटरीपर्यंत लाल पुरळ, असह्य खाज आणि उजव्या तळव्याला एक लहानशी जखम. मधुमेह जुना, तळव्याची संवेदना कमी झालेली. जखम केव्हा झाली, हे त्यांना समजलेही नव्हते. “गुरुजी, पाण्यात उतरला होतात का?” असे विचारल्यावर ते जरा ओशाळले. त्यांच्या पत्नी पक्षाघाताने दीड वर्ष अंथरुणाला खिळून होत्या. देवपूजेचे निर्माल्य दर सोमवारी रंकाळ्यात सोडायचे, हा त्या माउलीचा चाळीस वर्षांचा नेम. “तिला जाता येत नाही म्हणून मी जातो, डॉक्टर. काठाला केंदाळ फार. दोन पायऱ्या खाली उतरून आत सोडतो.”

त्या दिवसांत रंकाळ्याचे पाणी हिरवा रंग कालवल्यासारखे दिसत होते. पुरळ त्या पाण्याचेच, असा माझा कयास होता. जखम भरून यायला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत आमचे जे बोलणे झाले, त्यातूनच हा लेख सुचला.

तळे आजारी कसे पडते?

तळ्याचा आजार बहुतेक वेळा अतिपोषणाचा असतो. सांडपाणी, साबणाचा चोथा, शेणमूत, शिळे अन्न, निर्माल्य, शेतातून वाहून आलेले खत या सर्वांतून नत्र आणि स्फुरद ही दोन द्रव्ये पाण्यात मिसळतात. पिकाला जे खत, तेच शेवाळाला. साचलेले पाणी, कडक ऊन आणि भरपूर स्फुरद एकत्र आले, की शेवाळ बघता बघता वाढते आणि पृष्ठभागावर हिरवी साय धरते. केंदाळ, म्हणजेच जलपर्णी, याच खुराकावर माजते.

पुढचा क्रम डॉक्टरला परिचित वाटावा असा आहे. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडते. रात्री मात्र तेच प्राणवायू ओढून घेते. मेलेले शेवाळ तळाशी कुजते, तेव्हा ते कुजवणारे जीवाणूही प्राणवायू संपवतात. पहाटेच्या सुमारास पाणी अक्षरशः गुदमरते. काठाला मेलेले मासे सकाळीच दिसतात, त्याचे कारण हे. अशा वेळी केवळ केंदाळ उपसणे म्हणजे ताप उतरवण्याची गोळी देऊन संसर्ग तसाच ठेवणे. ते उपसावे लागतेच. पण नाल्यातून येणारे सांडपाणी थांबल्याखेरीज तळे बरे होत नाही.

उकळले की भागते, हे नेहमी खरे नाही

“पाणी उकळून प्या,” हे वाक्य मी हजारो वेळा उच्चारले असेन. हगवण, विषमज्वर, सांडपाण्यातून पसरणारी कावीळ यांच्या जंतूंवर ते लागू पडते. परंतु हिरव्या सायीत निळे-हिरवे शेवाळ असू शकते. शेवाळ म्हणत असलो तरी हे मुळात जीवाणू आहेत. त्यांच्यातील काही जाती मायक्रोसिस्टिन नावाचे विष तयार करतात. हे विष यकृतावर आघात करते, आणि ते उकळल्याने नष्ट होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा एका लिटरमागे एक मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग, इतकी अल्प ठेवली आहे.

अमेरिकेतील टोलेडो शहर ईरी सरोवराचे पाणी पिते. ऑगस्ट २०१४ मध्ये तेथील शुद्ध केलेल्या पाण्यातही हे विष आढळले आणि सुमारे चार लाख लोकांना नळाचे पाणी न पिण्याचा, ते न उकळण्याचाही आदेश देण्यात आला. त्याहून दुःखद प्रसंग ब्राझीलमधील कारुआरू गावचा. १९९६ मध्ये तेथील एका डायलिसिस केंद्रात धरणाचे, पुरेशी प्रक्रिया न झालेले पाणी टँकरने आणून वापरले गेले. त्यातील शेवाळाच्या विषाने यकृत निकामी होऊन पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. डायलिसिसच्या एका बैठकीत सुमारे १२० लिटर पाणी रुग्णाच्या रक्ताच्या सान्निध्यात येते. ज्यांच्या घरी मूत्रपिंडाचा रुग्ण आहे, त्यांना मी यासाठीच सांगतो, की तळ्याचे पाणी हा फक्त पर्यावरणवाल्यांचा विषय नव्हे.

रंकाळ्याचे पाणी आता कोणी पीत नाही, असे आपण म्हणाल. खरे आहे. पण तळ्यातून ओसंडलेले पाणी उताराने पुढे जाते, आणि आपल्या खोऱ्यातील उतार पंचगंगेकडे आहे. तिच्या काठावर खाली कितीतरी गावे वसली आहेत.

ज्येष्ठांनी घ्यायची काळजी

तळ्याची फेरी मुळीच सोडू नका. मात्र पाणी हिरवेगार दिसत असेल, त्यावर साय असेल किंवा कुबट वास येत असेल, तर पाण्यात हातपाय बुडवू नयेत, चूळ भरू नये. मधुमेह्यांनी काठावर अनवाणी चालू नये. पायाला जखम किंवा भेगा असताना घाण पाण्यात उतरल्यास उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. पाण्याशी संपर्क आल्यानंतर पंधरवड्यात ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली, तर डॉक्टरांना पाण्याचा उल्लेख आवर्जून करावा. सांडपाणी साचलेल्या जागी क्युलेक्स डास वाढतात; संध्याकाळी काठावर बसताना अंगभर कपडे असावेत. डेंग्यूचा डास मात्र आपल्या घरातील स्वच्छ पाण्यात वाढतो, त्याचा दोष तळ्याला देऊ नये.

आजारी माणसाच्या खोलीतून तळ्यापर्यंत

गुरुजींची सून एकदा थांबून म्हणाली, “डॉक्टर, सासूबाईंचे डायपर रोज चार निघतात. घंटागाडी चुकली की शेजारच्या नाल्यात टाकतात सगळे. मीही टाकले आहेत.” तिने हे प्रामाणिकपणे सांगितले, याचे मला कौतुक वाटले. शुश्रूषा करणारी व्यक्ती दिवसभर इतकी थकलेली असते, की तिला दोष देणे सोपे आणि निर्दयपणाचे आहे. तरीही तो नाला कुठे जातो, हे आम्ही दोघेही जाणत होतो.

म्हणून शुश्रूषा करणाऱ्यांसाठी काही सूचना. डायपर कागदात घट्ट गुंडाळून, वर खूण करून, वेगळे द्यावेत. गाडी चुकल्यास झाकणाच्या बादलीत दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवावेत. मुदत संपलेली औषधे बेसिनमध्ये किंवा शौचकूपात ओतू नयेत. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणा औषधे काढून टाकण्यासाठी बनवलेल्या नसतात. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत जमा कराव्यात. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी औषधे आणि सुया घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या. त्या वेगळ्याच द्याव्यात. अंथरुणे-पांघरुणे रोज धुवावी लागतात, तेथे साबणाची पावडर मोजून घालावी. अधिक फेस म्हणजे अधिक स्वच्छता नव्हे. आणि आपल्या घरातील सांडपाणी ड्रेनेजच्या नळाला जोडले आहे की पावसाच्या गटारात सोडले आहे, हे एकदा प्लंबरकडून पाहून घ्यावे. गटार थेट नाल्याला आणि नाला तळ्याला मिळतो.

तळी बरी होतात

निराश होण्याचे मात्र कारण नाही. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरालगत वॉशिंग्टन नावाचे मोठे गोड्या पाण्याचे सरोवर आहे. भोवतीच्या वस्त्यांचे सांडपाणी त्यात सोडले जात असे आणि १९५० च्या दशकात त्यात निळे-हिरवे शेवाळ माजले. नागरिकांनी १९५८ मध्ये मतदान करून सांडपाण्याच्या एकत्रित व्यवस्थेला आणि तिच्या खर्चाला संमती दिली. १९६३ ते १९६८ या काळात सर्व सांडपाणी सरोवरातून वळवण्यात आले. काही वर्षांतच शेवाळ ओसरले आणि पाणी नितळ झाले. तेथे कोणतीही जादूची पावडर टाकली गेली नाही. रोगाचे मूळ बंद केले, एवढेच.

आपल्याकडेही गणेशमूर्ती आणि निर्माल्य रंकाळ्यात न सोडता इराणी खणीत व कुंडांत देण्याची सवय कोल्हापूरकरांनी लावून घेतली आहे. जी सवय उत्सवात जमली, ती रोजच्या दिवसांतही जमेल. येथे ज्येष्ठांचे काम मोठे आहे. तळ्याला रोज भेटणारे तुम्हीच. पाण्याचा रंग, वास, मेलेले मासे, नव्याने वाहू लागलेला नाला यांची तारखेसह वहीत नोंद ठेवा. रक्तदाबाची वही जशी मला उपयोगी पडते, तशी ही वही वॉर्डात तक्रार देताना उपयोगी पडते. “पूर्वी पाणी चांगले होते” या तक्रारीला कोणी उत्तर देत नाही. “अमुक तारखेपासून अमुक ठिकाणी काळे पाणी येत आहे” या तक्रारीला द्यावे लागते.

गुरुजींच्या घरी निर्माल्यासाठी आता एक मातीची कुंडी आहे. सुरुवातीला पत्नीची समजूत पटेना. चाळीस वर्षांचा नेम मोडतो आहे, या विचाराने त्या रडल्या. गुरुजींनी कुंडी त्यांच्या खिडकीशी ठेवली. सोमवारी फुले त्या स्वतःच्या डाव्या, चालत्या हाताने तीत टाकतात. मागच्या भेटीत त्यांनी मला खुणेनेच कुंडीतली तुळस दाखवली. गुरुजी मात्र सोमवारी फेरीला जातातच, आता पायांत बूट घालून आणि खिशात वही ठेवून.