न विरघळणाऱ्या दगडाचा हिशेब

कोथरुडात आपल्या नळाला खडकवासल्याचे पाणी येते. त्यात दगड किती विरघळला आहे, हा प्रश्न आपणांस पडत नाही. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील कित्येक गावांना तो पडला आहे. तेथील बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा. ती ओलांडली की मुलांचे दात तपकिरी पडू लागतात. प्रमाण फार वाढले आणि असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, की सांधे ताठरतात, पाठीचा कणा वाकत नाही.

फ्लोराइड येते खडकांतून. त्यांपैकी एक खनिज कॅल्शियम फ्लोराइड. ते ‘अविद्राव्य’ आहे असे आपण सहज म्हणतो. आता हिशेब पाहा. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही, पण हा मलाही कागदावर जमला.

रसायनशास्त्राचे माप मोल. फ्लोराइडचा एक मोल १९ ग्रॅम, कॅल्शियमचा ४० ग्रॅम. पाणी आणखी दगड घेईनासे झाले, की लिटरमागील कॅल्शियमचे मोल गुणिले फ्लोराइडचे मोल, गुणिले पुन्हा फ्लोराइडचे मोल, हा गुणाकार त्या उष्णतामानाला कायम राहतो. फ्लोराइड दोनदा, कारण एका कॅल्शियममागे दोन फ्लोराइड सुटतात. हाच विद्राव्यता-गुणाकार, २५ अंश सेल्सिअसला सुमारे ३.९ भागिले दहाचा अकरावा घात.

शुद्ध पाण्यात ‘स’ मोल दगड विरघळला, तर कॅल्शियम स, फ्लोराइड दोन स, आणि गुणाकार चार स-घन. घनमूळ काढता स येतो ०.०००२१४. त्याची दुप्पट करून १९ने गुणा: लिटरमागे ८ मिलिग्रॅम फ्लोराइड! मर्यादेच्या पाचपट.

पाण्यात आधीच कॅल्शियम असेल तर फ्लोराइडला जागा कमी उरते. लिटरमागे ४० मिलिग्रॅम कॅल्शियम असताना फ्लोराइड पावणेचारपर्यंत जाते; कॅल्शियम १० वर आले, की साडेसातपर्यंत. म्हणजे ज्या पाण्यात साबणाला फेस येतो, डाळ लवकर शिजते, तेच ‘चांगले’ पाणी इथे अधिक संशयास्पद.

मग नुसता चुना घालून भागेल काय? फ्लोराइड एक मिलिग्रॅमवर आणायला पाण्यात सुमारे ५६० मिलिग्रॅम कॅल्शियम ठेवावे लागेल. ते पाणी कोण पिणार? म्हणून नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने १९७०च्या दशकात चुन्याबरोबर तुरटी घेतली. तुरटीचा साका फ्लोराइडला धरून तळाशी बसतो. तासाभराने वरचे पाणी अलगद काढून घ्यायचे. खालचा गाळ मात्र विहिरीजवळ ओतायचा नाही.