खेळाचा संगणक : आधी परिमाण, मग खरेदी

दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपल्या की अनेक व्यापारी कुटुंबांत हल्ली एक नवी मागणी पुढे येते. मुलाला खेळांसाठीचा संगणक हवा असतो आणि तोही तयार पेटीतला नको असतो. सुटे भाग आणून तो स्वतः जुळवायचा असतो. त्यावर वडिलांचे उत्तर बहुधा दोहोंपैकी एक असते. 'खेळण्यासाठी एवढा पैसा?' असे म्हणून साफ नकार, अथवा लाडापोटी दुकानदार सांगेल त्या किमतीला होकार. ज्या घरात धान्याचे पोते उघडताच मूठभर दाण्यांवरून प्रत ओळखली जाते आणि कापडाचा पोत बोटांनी पारखला जातो, त्या घराला ही दोन्ही उत्तरे शोभत नाहीत. वस्तू नवी असली तरी खरेदीचे शास्त्र जुनेच आहे. आणि या निमित्ताने मुलाला ते शास्त्र शिकविण्याची जी संधी मिळते, ती पुढे पेढीवर बसवून मिळेलच असे नाही.

आधी परिमाण

श्रावकाच्या पाच अणुव्रतांतील शेवटचे व्रत परिग्रह-परिमाणाचे. वस्तू बाळगूच नये असे ते गृहस्थाला सांगत नाही. आपली सीमा आपणच आधी आखावी, एवढीच त्याची अपेक्षा असते. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात आसक्तीलाच परिग्रह म्हटले आहे, ते ध्यानात घेतले तर संगणकाच्या बाजारात या व्रताचा व्यावहारिक अर्थही स्पष्ट होतो. या बाजाराची रचनाच अशी आहे की प्रत्येक वस्तूच्या वर दोन-तीन हजारांच्या अंतराने आणखी एक सरस वस्तू उभी असते. 'एवढे घेतोच आहोत, तर थोडे आणखी' असे सात भागांच्या बाबतीत सात वेळा झाले, की साठ हजारांची खरेदी पाऊण लाखाच्या पलीकडे जाते, आणि ती केव्हा गेली हे कोणाच्याच लक्षात येत नाही.

म्हणून आकडा आधी ठरवावा, तो कागदावर लिहावा आणि त्यात मॉनिटर, कीबोर्ड, माऊस व विंडोजचा परवाना यांचा खर्च धरला आहे की नाही, हेही तेथेच नोंदवावे. वादाचे मूळ बहुधा या न लिहिलेल्या रकमांत असते.

मॉनिटरपासून प्रारंभ

खरेदीची यादी मॉनिटरपासून सुरू करणे हिताचे. १९२० गुणिले १०८० या प्रचलित पडद्यावर सुमारे २०.७ लाख प्रकाशबिंदू असतात. ज्याला 'फोर-के' म्हणतात त्या ३८४० गुणिले २१६० च्या पडद्यावर ते सुमारे ८२.९ लाख, म्हणजे बरोबर चौपट. संगणकाला दर सेकंदाला साठ किंवा त्याहून अधिक वेळा हे सर्व बिंदू नव्याने रंगवावे लागतात. पडदा मोठ्या प्रतीचा घेतला तर ग्राफिक्स कार्डही त्याच तोलाचे घ्यावे लागते. मर्यादित रकमेत चोवीस इंचांच्या आसपासचा, १०८० प्रतीचा मॉनिटर हा समंजस निर्णय होय.

शंभर रुपयांची वाटणी

भाव सतत हलत असल्याने रकमांपेक्षा प्रमाण लक्षात ठेवणे सोयीचे. मॉनिटर वगळून मुख्य यंत्रासाठी शंभर रुपये आहेत असे मानल्यास साधारण वाटणी अशी करता येईल : ग्राफिक्स कार्ड ३८, प्रोसेसर १७, मदरबोर्ड १३, रॅम ११, एसएसडी ८, एसएमपीएस म्हणजे वीजपुरवठ्याची पेटी ८ आणि कॅबिनेट ५. साठ हजारांच्या संगणकात कार्डाला सुमारे बावीस-तेवीस हजार आणि कॅबिनेटला तीन हजार, असा याचा अर्थ होतो. अनेक तरुण मात्र रंगीबेरंगी दिव्यांच्या कॅबिनेटवर भुलतात आणि ती रक्कम कार्डातून वजा करतात. दिव्यांनी खेळ वेगाने चालत नाही.

हे प्रमाणही बाजाराप्रमाणे सरकते. २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव चढले, कारण चिप बनविणाऱ्या कंपन्यांनी आपले उत्पादन कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांना लागणाऱ्या मेमरीकडे वळविले. त्यापूर्वी २०२१ मध्ये आभासी चलनाच्या 'मायनिंग'साठी ग्राफिक्स कार्डांची उचल झाल्याने त्यांचे भाव अवाच्या सवा झाले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाने आपली पद्धत बदलली, कार्डांची ती गरजच संपली आणि वापरलेली कार्डे बाजारात येऊ लागली. तुरीचे किंवा सोन्याचे भाव पाहणाऱ्या कुटुंबाला यात नवे काही नाही. एका मालाची टंचाई असेल, तर तेवढा माल गरजेपुरता घ्यावा व उरलेले पुढे वाढवावे.

भागांची पारख

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ही बैलजोडी आहे. एक बैल तगडा आणि दुसरा थकलेला असेल, तर गाडी थकलेल्याच्या चालीने चालते. महागडे कार्ड व दुबळा प्रोसेसर, किंवा याच्या उलट, या दोन्हींत पैसा अडकून पडतो.

काटकसरीच्या जुळणीत एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६०० हा २०२२ चा प्रोसेसर बरेच दिवस आवडता राहिला आहे. त्यात सहा कोअर आहेत आणि तो एएम४ या जुन्या बैठकीवर बसतो. त्यामुळे मदरबोर्ड आणि डीडीआर४ रॅम तुलनेने माफक भावात मिळत आले. एएम५ ही नवी बैठक २०२२ मध्ये आली. तिला डीडीआर५ रॅमच लागते; खर्च अधिक, पण पुढे केवळ प्रोसेसर बदलून यंत्र वाढविण्याची मुभा राहते. डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचा वेगळ्या असल्याने एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. मदरबोर्ड आणि रॅम यांची पावती फाडण्यापूर्वी हे एकदा ताडून पाहावे.

इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाअखेरीस 'एफ' हे अक्षर असले, उदाहरणार्थ आय३-१२१००एफ, तर त्यात अंतर्गत ग्राफिक्स नसते. स्वतंत्र कार्डावाचून पडद्यावर काहीच उमटणार नाही. रायझन ५ ५६०० चेही तसेच. याउलट रायझन ५ ५६००जी मध्ये ग्राफिक्स अंगभूत आहे. ज्या कुटुंबाची मर्यादा पंचवीस-तीस हजारांची असेल, त्याने अशा प्रोसेसरवर आरंभ करावा. हलके खेळ चालतात, अभ्यास चालतो आणि कार्ड पुढच्या वर्षी घेता येते. भांडवल जमेल तसे दुकान वाढविण्याचीच ही रीत आहे.

ग्राफिक्स कार्डांत एएमडीचे आरएक्स ६६००, एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०६० आणि इंटेलचे आर्क बी५८० ही १०८० प्रतीच्या पडद्यासाठी नेहमी तुलनेला घेतली जाणारी नावे. पहिल्या दोहोंवर ८ जीबी मेमरी आहे, तर डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या बी५८० वर १२ जीबी. नवे खेळ अधिक मेमरी मागू लागल्याने हा फरक मोलाचा ठरतो. मात्र इंटेलचे हे कार्ड जुन्या वा दुबळ्या प्रोसेसरबरोबर आपला पूर्ण वेग दाखवीत नाही. म्हणजे पुन्हा बैलजोडीचाच प्रश्न.

रॅम १६ जीबी घ्यावी, आणि शक्य तो ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत. दोन पट्ट्या असल्या की माहितीची ये-जा दोन वाटांनी होते. संगणक प्रथम सुरू केल्यावर बायोसमध्ये एक्सएमपी ही सोय चालू करावी लागते. ती न केल्यास वेगवान म्हणून घेतलेली रॅम संथ गतीनेच चालत राहते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

ज्या भागात कधीही काटकसर करू नये तो एसएमपीएस. कॅबिनेटसोबत जवळजवळ फुकट मिळणारी अनामिक पेटी विजेच्या चढउतारात स्वतः जळते आणि कधी कधी मदरबोर्ड व कार्डालाही सोबत नेते. हिशोब सोपा आहे. ५६०० प्रोसेसर ६५ वॉटचा, आरएक्स ६६०० कार्ड १३२ वॉटचे, इतर भागांचे साठ-सत्तर धरले तरी बेरीज पावणेतीनशेच्या आतच राहते. चांगल्या नावाची, ८० प्लस चिन्हाची, ४५० ते ५५० वॉटची पेटी पुरेशी होते. ८० प्लस हे चिन्ह विजेची नासाडी किती कमी होते एवढेच सांगते. पेटीच्या मजबुतीसाठी पाच वर्षांच्या हमीचा शोध घ्यावा.

विजेच्या बिलाचीही चिंता अनेकांना वाटते. यंत्र तीनशे वॉट ओढते आणि रोज तीन तास चालते असे मानले, तरी महिन्याला २७ युनिट होतात. युनिटला दहा रुपये धरल्यास २७० रुपये.

बाजारात उभे राहताना

मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली ही या मालाची जुनी ठिकाणे. तेथे तीन दुकानांत तीच लेखी यादी दाखवून तीन लेखी भाव आणावेत, ऑनलाइन भावाशी ताडावेत आणि मगच बोलणी करावी. हे काम मुलावर सोपवावे. दर विचारणे, उत्तर ऐकून घेणे, घासाघीस करताना समोरच्याचा मान राखणे, हे त्याने पुस्तकातून शिकायचे नाही.

'बिल नको असेल तर स्वस्त देतो' या वाक्याला मात्र बळी पडू नये. या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, आणि तो वाचविण्याच्या मोहात हमी बुडते. पक्क्या बिलावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. हमीचा दावा त्याच क्रमांकावर चालतो. माल भारतातील अधिकृत आयातदाराचा आहे, याचीही खात्री करावी. दुसरा मोह घरचाच असतो : मुलाच्या खेळाचा संगणक पेढीच्या जीएसटी क्रमांकावर घ्यायचा. व्यक्तिगत उपभोगाच्या वस्तूवर इनपुट टॅक्स क्रेडिट कायद्याने मिळत नाही, आणि घसाराही धंद्यासाठी वापरलेल्या मालमत्तेवरच मिळतो. काही हजारांच्या लाभासाठी हिशोबाच्या वहीत असत्य लिहिले गेले, तर मुलगा त्या दिवशी खरेदीबरोबर तेही शिकतो.

वापरलेले कार्ड घ्यायचे असल्यास मूळ बिल व उरलेली हमी पाहावी, आणि अर्धा तास खेळ चालवून पंख्यांचा आवाज व पडद्यावरील चित्र तपासावे. प्रोसेसर, एसएसडी व एसएमपीएस नवेच बरे. जुळणीला एक स्क्रू-ड्रायव्हर, चांगला उजेड आणि एक निवांत दुपार पुरते. प्रोसेसर बसविताना जोर करू नये, कारण वाकलेल्या पिनांना हमी लागू होत नाही.

यंत्रात काय चालणार?

यंत्र मर्यादेत बसले तरी एक प्रश्न उरतो, आणि जैन घराला तो टाळता येत नाही. अनेक लोकप्रिय खेळ बंदुकीचे आहेत. 'पडद्यावर कोण खरे मरते?' असा मुलाचा युक्तिवाद असतो. त्याला उत्तर म्हणून यशोधर राजाची कथा सांगावी. सोमदेवसूरींच्या यशस्तिलकचंपूत आलेली ही कथा घरातील ज्येष्ठांना ठाऊक असते. उज्जयिनीच्या राजाने मातेच्या आग्रहाखातर जिवंत कोंबड्याऐवजी पिठाच्या कोंबड्याचा बळी दिला. जीव एकही गेला नाही, तरी संकल्प हिंसेचा होता, आणि त्याचे फळ माता व पुत्र या दोघांना अनेक तिर्यंच जन्मांत भोगावे लागले. पिठाचा कोंबडा आणि पडद्यावरचा सैनिक यांत अंतर किती, हा प्रश्न विचारून मुलाला विचार करू द्यावा. नगर वसविण्याचे, शेतीचे, मोटारींच्या शर्यतीचे, कोड्यांचे आणि फुटबॉल-क्रिकेटचे उत्तम खेळ विपुल आहेत. निवड त्याने केली तर ती टिकते.

पैसे लावून खेळायच्या खेळांबाबत मात्र चर्चेला जागा नाही. द्यूत हे सप्तव्यसनांतील पहिले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीही आली आहे. तसेच 'फुकट' घालून दिलेली विंडोज किंवा खेळांच्या चोरीच्या प्रती हे अदत्तादानच होय. अशा प्रतींतून विघातक प्रणालीही घुसते, आणि त्याच यंत्रावरून घरातले कोणी बँकेचा व्यवहार करीत असेल तर तो धोका खात्यापर्यंत पोहोचतो. परवान्याची रक्कम नसेल तर लिनक्स विनामूल्य आहे आणि त्यावर आज पुष्कळ खेळ चालतात.

जमाखर्च

असा संगणक पाच-सहा वर्षे सहज साथ देतो. तयार यंत्र पुष्कळदा संपूर्ण बदलावे लागते. येथे रॅम वाढविता येते, कार्ड बदलता येते, बिघडलेला एकच भाग काढून दुसरा बसविता येतो. कचरा कमी होतो आणि अल्प साधनांत निभावून नेण्याची सवय लागते. मुलाने यादी केली, भाव आणले, एका ठिकाणी मोह आवरला आणि ठरलेल्या आकड्यात यंत्र उभे केले, तर वडिलांनी त्या कागदावर शेवटी एकच आकडा पाहावा : उरलेली शिल्लक. ती पाचशे रुपये असली तरी मुलाच्या नावाने जमा करावी. परिमाण पाळण्याचा आनंद त्याला त्या पाचशे रुपयांतून जितका कळेल, तितका उपदेशातून कळणार नाही.